‘ऑटोइम्यून हॉर्मोन पॅनेल’ घेऊन बघितलं, वापरून झाल्यावरचा सविस्तर रिव्ह्यू

मला ल्युपस आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असा एक ऑटोइम्यून आजार, बऱ्याच वर्षांपासूनचा. एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) रोज, सोबत प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा छोटा डोस, हे आधीच सांगून ठेवते कारण पुढे रिपोर्टबद्दल जे लिहिलंय ते या गोळ्या माहीत असल्याशिवाय कळणार नाही. तर हल्ली ‘ऑटोइम्यून हॉर्मोन पॅनेल’ म्हणून पॅकेज ऑनलाइन विकतात, घरी येऊन रक्त नेतात, काही दिवसांनी पीडीएफ येते, सोबत एक ॲप, काउन्सेलरचा कॉल, आणि मग रिपोर्ट बघून सप्लिमेंट. ओळखीतल्या ल्युपसवाल्या, संधिवातवाल्या (रुमॅटॉइड), थायरॉइडवाल्या सारख्या विचारत होत्या की घेऊ का, म्हणून मी घेतलं आणि नीट वापरून बघितलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण पॅकेज कुणाचंही असो, खाली जे प्रश्न आहेत ते विचारल्याशिवाय घेऊ नका.

पाचपैकी दोन स्टार. दोन्ही ॲपचे.

ॲपबद्दल आधी सांगते कारण ते खरंच चांगलं बनवलंय. पाळीची तारीख, सांधे, थकवा, रॅश, ताप, झोप, गोळी चुकली का, सगळं एकाच स्क्रीनवर, आणि भरायला मिनिटसुद्धा लागत नाही, त्यामुळे अगदी गळून गेल्यासारखं झालं असेल त्या दिवशीही भरलं जातं. पाळीच्या आधी सांधे जास्त धरतात, अंगातलं त्राण जातं असं ल्युपसच्या आणि संधिवाताच्या कितीतरी बायका सांगतात, पण डॉक्टरांसमोर बसलं की नेमकं कधी, किती, हे आठवत नाही. ॲपमध्ये चार-पाच महिन्यांचा आलेख समोर दिसतो. माझ्या सांध्यांचा त्रास पाळीच्या आसपास वाढलेला स्पष्ट दिसला, रॅशचा मात्र पाळीशी काही संबंध निघाला नाही, तो उन्हात गेलं की यायचा. माझ्या रुमॅटॉलॉजिस्ट (सांधे आणि ऑटोइम्यून आजारांच्या डॉक्टर) मॅडमनी तो आलेख बराच वेळ बघितला, पीडीएफकडे फारसं बघितलं नाही, आणि का बघितलं नाही तेच आता लिहिते.

रिपोर्टमध्ये इस्ट्राडिओल (मुख्य इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हॉर्मोन), प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हॉर्मोन), डीएचईए-एस (डीएचईए या ॲड्रिनल ग्रंथीतल्या हॉर्मोनचं रक्तात मोजतात ते रूप), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हॉर्मोन) आणि टीएसएच (थायरॉइडची टेस्ट). प्रत्येकासमोर हिरवी-पिवळी-लाल पट्टी. माझं इस्ट्राडिओल लाल, डीएचईए-एस लाल, आणि वर ठळक अक्षरात ‘इस्ट्रोजेन डॉमिनन्स, फ्लेअरचा धोका जास्त’, म्हणजे इस्ट्रोजेन वरचढ झालंय, आजार भडकू शकतो. बघून कुणीही घाबरेल. पण रक्त घेण्याआधी जो फॉर्म भरून घेतला त्यात पाळीचा कितवा दिवस आहे हे विचारलंच नव्हतं! ॲपमध्ये ती तारीख मी भरलेली होती, तरी रिपोर्टवाल्यांनी ती वापरली नाही. इस्ट्राडिओल पाळी सुरू झाल्या झाल्या तीस-चाळीस पिकोग्रॅमच्या आसपास असू शकतं आणि बीजांड सुटायच्या आधी तेच दोनशेच्या वर, कधी तीनशे-चारशेपर्यंत जातं, त्याच बाईचं, त्याच महिन्यात, काहीही बिघडलेलं नसताना. मग दिवस माहीत नसताना लाल पट्टी लावायची कशाच्या आधारावर?

डीएचईए-एसचं प्रकरण तर मला जास्त गंभीर वाटतं. फॉर्ममध्ये चालू औषधांसाठी रकानाच नाही. ऑटोइम्यून पेशंटसाठी बनवलेल्या पॅकेजमध्ये! स्टेरॉइडची गोळी रोज चालू असली की शरीराला वाटतं कॉर्टिसोल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड) बाहेरून मिळतंय, मेंदूकडून मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीला जाणारा सिग्नल कमी होतो, आणि ती ग्रंथी कॉर्टिसोलसोबत डीएचईए पण कमी बनवायला लागते. म्हणजे स्टेरॉइड घेणाऱ्या माणसाचं डीएचईए-एस कमी येणं अपेक्षितच आहे. त्याला हॉर्मोन बिघडले म्हणून सांगायचं आणि रिपोर्टच्या पुढच्याच पानावर डीएचईएच्या कॅप्सूलचं बटण द्यायचं, हे बरोबर नाही.

आणि डीएचईएचं ल्युपसमध्ये काय होतं याचे अभ्यास झालेले आहेत बरं का. दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत देऊन बघितलंय. काही बायकांना एकंदर बरं वाटण्यात थोडा फरक पडला, पण आजार किती सक्रिय आहे यावर परिणाम एका अभ्यासात दिसतो तर दुसऱ्यात नाही. तोंडावर मुरुमं आली, नको तिथे केस वाढले, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल खाली आलं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, ल्युपसचं औषध म्हणून त्याला मान्यता दिलेली नाही. शिवाय डीएचईए शरीरात जाऊन टेस्टोस्टेरॉन पण बनतं आणि इस्ट्रोजेन पण बनतं, म्हणजे ज्या बाईला तुम्ही इस्ट्रोजेन जास्त आहे म्हणून घाबरवलंय तिलाच इस्ट्रोजेनचा कच्चा माल विकताय, हे त्यांच्या लक्षात कसं येत नाही मला कळत नाही.

अजून एक, बायोटिन नावाचं व्हिटॅमिन. केस गळतात म्हणून आपल्यापैकी निम्म्याजणी बायोटिन घेत असतात. काही मशिनवर जास्त डोसच्या बायोटिनमुळे इस्ट्राडिओल, टेस्टोस्टेरॉन खोटंच जास्त दिसतं आणि टीएसएच खोटंच कमी दिसतं, एफडीएने २०१७ मध्ये यावर इशारा दिला होता. याबद्दलही एक प्रश्न नाही. प्रोलॅक्टिनचं तसंच, मळमळीच्या काही गोळ्यांनी, ताणाने सुद्धा ते वाढतं.

आता कुणी म्हणेल की मग हॉर्मोन आणि ऑटोइम्यूनचा संबंधच नाही का. आहे, आणि चांगला घट्ट आहे, म्हणूनच अशा पॅकेजचा मला जास्त राग येतो. खरी गोष्ट घेऊन तिचं चुकीचं बिल फाडलंय. ऑटोइम्यून आजार असलेल्या दर पाच जणांत साधारण चार बायका असतात. ल्युपसमध्ये तर मूल होण्याच्या वयात दहातल्या नऊ बायका, आणि वयात यायच्या आधी किंवा पाळी गेल्यानंतर सुरू होणाऱ्या ल्युपसमध्ये ही तफावत बरीच कमी होते. एवढ्यावरूनच कळतं की पाळी येण्या-जाण्याच्या मधल्या काळात काहीतरी घडतंय. इस्ट्रोजेनला पकडणारे रिसेप्टर आपल्या पांढऱ्या पेशींवर पण असतात, अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशी त्याने जास्त टिकतात, ज्या स्वतःवरच हल्ला करणाऱ्या म्हणून बाद व्हायला हव्यात त्याही निसटतात. टेस्टोस्टेरॉन उलट बाजूला खेचतं, बी पेशींना जगवणारं बॅफ नावाचं प्रोटीन त्याने कमी होतं. १९७८ सालीच उंदरांवर हे करून बघितलं होतं, ल्युपससारखा आजार होणाऱ्या जातीतल्या नरांचे वृषण काढले तर ते लवकर आजारी पडले आणि माद्यांना पुरुषी हॉर्मोन दिलं तर त्या जास्त जगल्या. पुढे २०१६ च्या अभ्यासांत दिसलं की छातीतल्या थायमस ग्रंथीमध्ये, जिथे टी पेशींना आपलं कोण आणि परकं कोण हे शिकवलं जातं, तिथलं या शिकवणीला लागणारं एआयआरई नावाचं जीन टेस्टोस्टेरॉनने वाढतं आणि इस्ट्रोजेनने कमी होतं.

पण हॉर्मोन म्हणजे सगळं नाही, आणि पॅकेजच्या माहितीपत्रकात ही बाजू एका ओळीतही नाही. क्लाइनफेल्टर सिंड्रोम असलेले पुरुष, म्हणजे ज्यांच्यात एक एक्स क्रोमोसोम जास्तीचा असतो, त्यांना ल्युपस होण्याचा धोका इतर पुरुषांपेक्षा साधारण १४ पट निघाला, म्हणजे जवळजवळ बायकांइतका. त्यांचं टेस्टोस्टेरॉन कमी असतं हे खरं, पण दोन एक्स असणं हेच एक वेगळं कारण आहे असं त्यातून पुढे येत गेलं. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद केलेला असतो, पण काही जीन त्यातून सुटतात आणि दोन्हीकडून चालू राहतात, प्रतिकारशक्ती जागी करणारं टीएलआर७ त्यातलंच एक, आणि ल्युपसमध्ये त्याचा हात आहे. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की तो दुसरा एक्स बंद करणारा झिस्ट नावाचा आरएनए आणि त्याला चिकटलेली प्रोटीन्स यांच्याविरुद्धच अँटीबॉडी तयार होऊ शकतात. हे सगळं कुठल्याही कॅप्सूलने बॅलन्स होणारं नाही.

बरं, बाण उलटाही जातो. अंगात सूज, जळजळ चालू असली की तीच टेस्टोस्टेरॉन खाली आणते. संधिवातात सुजलेल्या सांध्याच्या आतल्या आवरणात ॲरोमटेज नावाचं एन्झाइम वाढतं आणि पुरुषी हॉर्मोनचं तिथल्या तिथे इस्ट्रोजेन करत राहतं. म्हणजे सांध्यात जे चाललंय ते दंडातल्या रक्तात दिसेलच असं नाही, आणि रक्तात जे कमी दिसतंय ते आजाराचं कारण नसून परिणाम असू शकतो. पुरुषांसाठीच्या पॅकेजमध्ये टेस्टोस्टेरॉन कमी आलं की लगेच ‘बूस्टर’ सुचवतात म्हणे. एवढंच सांगते, बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शुक्राणू बनणं कमी होतं, ज्यांना मूल हवंय अशा तरुण मुलांनी डॉक्टरांशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

सगळ्या ऑटोइम्यून आजारांना एकच फॉर्म्युला लावणं ही या पॅकेजची मुळातलीच गडबड आहे. माझ्या मावसबहिणीला संधिवात आहे, तिला दिवस गेले तेव्हा ती इतकी मोकळी झाली की बरणीचं झाकण स्वतः उघडायला लागली, आणि बाळ झाल्यावर दोनेक महिन्यांत हात परत असे धरले की बाळाच्या झबल्याची बटणं लागेनात. हे तिच्या एकटीचं नाही. फिलिप हेंच नावाच्या डॉक्टरांनी १९३८ मध्येच लिहून ठेवलंय की गरोदरपणात संधिवात ओसरतो, आणि शरीरात असं काय बनतं याचा शोध घेत घेतच ते पुढे कॉर्टिसोन या स्टेरॉइडपर्यंत पोचले आणि १९५० चं नोबेल त्यांना आणखी दोघांसोबत विभागून मिळालं. एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जातंतूंच्या ऑटोइम्यून आजारात पण तसंच. १९९८ ला युरोपातला एक मोठा अभ्यास आला, २५४ बायकांचा, त्यात वर्षाला सरासरी ०.७ असलेले ॲटॅक शेवटच्या तिमाहीत ०.२ वर आले आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत १.२ वर गेले. गरोदरपणात इस्ट्रोजेन कितीतरी पटींनी वाढलेलं असतं, म्हणजे पॅकेजच्या हिशोबाने या बायकांची अवस्था वाईट व्हायला हवी होती! कमी पातळीवर इस्ट्रोजेन एक करतं आणि खूप वाढलं की दुसरंच करतं, शिवाय तेव्हा प्रोजेस्टेरॉन असतं, कॉर्टिसोल असतं, बाळाला परकं न मानण्यासाठी अख्खी प्रतिकारशक्तीच वेगळ्या पद्धतीने चालत असते. आणि ल्युपसमध्ये तर गरोदरपणात अशी शांतता मिळेलच याचा भरवसा नाही, उलट भडकू शकतो, म्हणून आधी सहा महिने तरी आजार शांत असावा आणि एचसीक्यू चालू ठेवावी असं सांगतात. बाळंतपणानंतर काही बायकांचं थायरॉइड पण सुजतं, ते बरेचदा नुसता थकवा म्हणून सोडून दिलं जातं.

आता काउन्सेलरचा कॉल. मुलगी अतिशय नम्र होती, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, तिला जे लिहून दिलं होतं ते ती वाचत होती. पण ती म्हणाली, “मॅडम, तुम्हाला ल्युपस आहे ना, मग इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी अजिबात घ्यायची नाही, घेत असाल तर आजच बंद करा.” मी विचारलं, “अँटीफॉस्फोलिपिडचा रिपोर्ट बघून सांगतेयस का?” ती म्हणाली, “ती टेस्ट आपल्या पॅनेलमध्ये येत नाही मॅडम.”

इथेच मी पेन खाली ठेवलं. कारण ठरवणारी टेस्ट तीच आहे, रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढवणाऱ्या अँटीबॉडी शोधणारी! २००५ मध्ये ज्यांचा ल्युपस शांत किंवा स्थिर आहे अशा १८३ बायकांना वर्षभर खरी गोळी किंवा तशीच दिसणारी नकली गोळी देऊन बघितलं. गंभीर फ्लेअर खऱ्या गोळीवरच्या ९१ पैकी ७ जणींना आणि नकलीवरच्या ९२ पैकी ७ जणींना. म्हणजे फरक नाही. पण ज्यांच्यात या अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीज जास्त प्रमाणात होत्या त्यांना या अभ्यासात घेतलंच नव्हतं, आणि त्यांच्यासाठी इस्ट्रोजेनवाली गोळी खरंच घातक ठरू शकते. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना पण हेच सांगतात, अँटीफॉस्फोलिपिड पॉझिटिव्ह असेल तर इस्ट्रोजेनवाली गोळी नको, त्याऐवजी तांबी, हॉर्मोनवाली आययूडी (गर्भाशयात बसवतात ते साधन) किंवा फक्त प्रोजेस्टिनवाली गोळी.

आणि ‘आजच बंद करा’ हे वाक्य किती धोक्याचं आहे याचा विचार करा. आपल्यातल्या कितीतरी जणी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या मेथोट्रेक्सेटवर असतात, मायकोफेनोलेटवर असतात. या औषधांवर दिवस गेले तर बाळात व्यंग येऊ शकतं, गर्भपात होऊ शकतो. अशा बाईला दुसरा काहीही उपाय न सांगता गोळी बंद करायला लावायची, तेही फोनवर, औषधांची यादी न बघता? मायकोफेनोलेटमुळे गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होऊ शकतो म्हणून तिथे आययूडीचा विचार आधी करतात, हे सांगायला हवं होतं. मी तिला विनंती केली की हे वाक्य तुझ्या वरच्या लोकांना काढायला सांग, आणि कंपनीला ईमेल पण केला. उत्तर आलं, “आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.” पुढे काही नाही.

पाळी जाताना आणि गेल्यानंतर काय, तर त्यावरही रिपोर्टमध्ये एकच ओळ होती, हॉर्मोन टाळा. इथेही २००५ चाच एक वेगळा अभ्यास आहे, ३५१ बायकांचा, पाळी जात असलेल्या किंवा गेलेल्या. हॉर्मोन थेरपी घेणाऱ्यांमध्ये सौम्य ते मध्यम फ्लेअर साधारण एक तृतीयांशाने वाढले, गंभीर फ्लेअरमध्ये म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. म्हणजे रात्र-रात्र घामाने भिजून जागणारी बाई, जिचा आजार शांत आहे आणि अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी निगेटिव्ह आहेत, तिने डॉक्टरांशी यावर बोलायला काहीच हरकत नाही, तिला दार बंद करून टाकायची गरज नाही.

जे पैसे या पॅनेलवर जातात त्यात मी काय केलं असतं असं विचाराल तर अँटीफॉस्फोलिपिडच्या तिन्ही टेस्ट, म्हणजे ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-टू ग्लायकोप्रोटीन, आणि पॉझिटिव्ह आल्या तर बारा आठवड्यांनी परत. मूल हवं असेल तर अँटी-आरओ ही अँटीबॉडीची टेस्ट. ती पॉझिटिव्ह असलेल्या आईच्या बाळाला पोटातच हृदयाचा ब्लॉक होण्याचा धोका साधारण २ टक्के असतो, आधीच्या बाळाला झाला असेल तर तो बराच जास्त, एचसीक्यूने तो कमी होतो, आणि बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी कधीपासून करायची हे ठरवता येतं. ओव्हरीला इजा करू शकणारं सायक्लोफॉस्फमाइड हे औषध सुरू होणार असेल तर आधी ओव्हरी वाचवायच्या इंजेक्शनबद्दल विचारा, सुरू झाल्यावर नाही. हे प्रश्न डॉक्टरांनी स्वतःहून विचारावेत अशी अपेक्षा आहे, पण रुमॅटॉलॉजिस्टना वाटतं गायनॅक बोलल्या असतील आणि गायनॅकना वाटतं रुमॅटॉलॉजिस्ट बोलले असतील, आणि पेशंट मधल्या मधे राहते. खरं सांगायचं तर त्याच पोकळीत ही पॅकेजेस खपतायत. कुणीतरी पाळीबद्दल विचारलं यानेच बायकांना बरं वाटतं, मला पण वाटलं.

हॉर्मोनच्या टेस्ट कधीच करू नयेत असं माझं म्हणणं नाही. पाळी थांबलीय, मूल राहत नाहीये, बाळ नसताना छातीतून दूध येतंय, चेहऱ्यावर केस वाढतायत, अशा वेळी करतातच, पण डॉक्टर त्या कोणत्या दिवशी करायच्या ते सांगतात आणि चालू गोळ्या बघून वाचतात. पॅनेलमधलं टीएसएच तेवढं कामाचं आहे, ते कुठल्याही साध्या लॅबमध्ये होतं.

शेवटचं, सप्लिमेंटचं बटण चुकून दाबलं गेलं तर दर महिन्याला आपोआप ऑर्डर जाते आणि ते बंद करायचा पर्याय ॲपमध्ये सापडत नाही, कस्टमर केअरलाच फोन करावा लागतो, त्यामुळे कार्ड सेव्ह करू नका. ॲप एकटं घेता येत असेल तर जरूर घ्या, नाहीतर वहीत तारखा घालून लिहिलं तरी तेच काम होतं. आणि कुणी आधीच रक्त देऊन बसलं असेल तर पीडीएफवर पाळीचा दिवस, चालू सगळ्या गोळ्या आणि बायोटिन घेताय का ते पेनाने लिहा आणि मगच डॉक्टरांना दाखवा, आणि तोपर्यंत गर्भनिरोधक असो की स्टेरॉइड, कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.